ट्रामपण नव्हती

तंजावूरला ट्राम कधीच नव्हती. हे मी आज छातीठोकपणे लिहू शकतो, कारण हे वाक्य सरकारी कचेरीत, भरल्या खोलीत, बायकोने माझ्याकडून वदवून घेतलं आहे. त्याच्या थोडे दिवस आधी त्याच खोलीत उभा राहून मी तंजावूरला ट्राम जवळजवळ आणून सोडली होती. फक्त रूळ टाकायचे बाकी होते.

सगळा दोष माझा नाही. आमच्या घराण्यांना ही खोडच आहे. राजांच्या मागोमाग इकडे आलेली आम्ही माणसं. राज्य गेलं, जमिनी आटल्या, पोरं निम्मी मराठी निम्मी तमिळ बोलायला लागली, पण ‘महाराजांच्या वेळेला’ हे दोन शब्द काही आमच्या जिभेवरून उतरले नाहीत. सांबार आमचं. ग्रंथ आमचे. एकदा माझे मामा सायकलसकट रस्त्यातल्या खड्ड्यात पडले, तेव्हा धोतराचा चिखल झटकत पहिलं वाक्य काय बोलले असतील? ‘‘महाराजांच्या वेळेला हा खड्डा इथे नव्हता.’’

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मद्रासला नोकरीत होते आणि रोज ट्रामने जात-येत. सुटीत तंजावूरला आले की ओसरीवर बसून तिची घंटा तोंडाने वाजवून दाखवायचे आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, ‘‘इथेपण यायची होती. महाराजांच्या मनात होतं.’’ मद्रासला ट्राम आली त्याच्या कितीतरी आधी आमचं राज्य बुडालं होतं, हा साधा हिशेब मला सुचायला फार वर्षं लागली. सुचला तोपर्यंत नको ते बोलून झालं होतं.

नव्वदीनंतर देशाची दारं उघडली म्हणतात. मी टेलिफोन खात्यात होतो, त्यामुळे बिजागऱ्यांची करकर मला जवळून ऐकू आली. ज्या फोनसाठी माणसं मुलगी उपवर होईपर्यंत थांबत, तो फोन कोपऱ्याकोपऱ्यावरच्या काचेच्या खोक्यांत येऊन बसला. छपरांवर केबलच्या छत्र्या उगवल्या. गाव जुन्या खंदकाबाहेर सांडू लागलं, भातखाचरांत चुना फासलेले दगड रोवले गेले आणि त्यांना नगर म्हणायची पद्धत पडली. पुदु आरू, म्हणजे गावातून ओरत्तनाडुकडे जाणारा मोठा कालवा, त्याच्या पलीकडे असंच एक नगर होतं. दलालाने मला तिथे उभं केलं, दगडांच्या मधल्या चिखलाकडे हात केला आणि म्हणाला, ‘‘सार, पोंगलला इथून बस.’’

मी विचारलं नाही, कोणत्या पोंगलला.

जागा घेतली, घर बांधलं. तोवरच्या आयुष्यात मी स्वतःच्या डोक्याने केलेली एकही गोष्ट धड झाली नव्हती. हे घर मात्र झालं होतं. लाल गुळगुळीत जमीन, दारात केळी, ओसरीला झोपाळा. मेलवीथीच्या बोळातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही तिकडे राहायला गेलो. बस तेवढी आली नव्हती.

तंजावूरच्या गाड्यांचा खराखुरा इतिहास पाहिला तर तोही काही रडका नाही. आधी स्टेशनापुढचे जटके, म्हणजे घोड्याच्या टपगाड्या, होत्या. मग खासगी बस आल्या, ज्यांच्या पुढच्या काचेवर मालकाचं कुलदैवत आणि मागच्या काचेवर मालकाचं नाव असे. मग त्या सरकारी झाल्या, त्यांना आकडे मिळाले, आणि जुन्या बसस्टँडपासून तिरुवैयारुकडे, ओरत्तनाडुकडे, मेडिकल कॉलेजकडे अशा पंजाच्या बोटांसारख्या पसरत गेल्या. बोटांवर राहणाऱ्यांची सोय झाली. आम्ही बेचक्यात होतो. बेचक्यातल्यांनी चालायचं.

चालायची ती माझी बायको. ती गावातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. सकाळी निघायची, बांधावरून पूल, पुलावरून ओरत्तनाडु रस्ता, तिथे टाऊनबस. आमच्या नगराच्या पलीकडे एक जुनी वाडी होती. तिथल्या बायका वांगी, फुलं, केळीची पानं टोपल्यांत घेऊन त्याच वेळी बाजारला निघत. त्यांच्या संगतीत तिची वाट सरायची. पावसाळ्यात हीच वाट बैलालाही नकोशी व्हायची. म्हणून मी जुनी स्कूटर घेतली आणि पहिल्याच दिवशी, ‘‘बघ कशी पोचवतो,’’ असं म्हणत बायकोला उत्तरपत्रिकांसकट कालव्याच्या काठच्या चिखलात पोचवलं. वाडीच्या बायकांनी तिला हाताला धरून उभं केलं. मला कोणी धरलं नाही.

त्या संध्याकाळी तिने पदर खोचला आणि शांतपणे सांगितलं, ‘‘हे बघा हो. तै लागेपर्यंत ह्या दारासमोरून बस गेली तर ठीक. नाहीतर हे घर भाड्याने द्यायचं आणि परत मेलवीथीला जायचं. तिथल्या खोल्या अजून रिकाम्या आहेत, मी विचारून आलेय.’’

‘‘अगं, झोपाळा?’’ मी म्हणालो.

‘‘झोपाळा भाडेकऱ्याला. तो बसेल.’’

आमच्याकडे तमिळमध्ये म्हणतात, तै पिरंदाल वळि पिरक्कुम. पोंगलने तै महिना लागला की वाट निघते. गणिताच्या बाईंनी म्हणीचीही मुदत घातली होती.

आणि वाट निघायची चिन्हं दिसली खरी. सरकारने खासगी मिनीबसना परवाने द्यायचं ठरवलं. लहानशी पांढरी बस, बोळाबांधांत शिरणारी. अट एकच, बहुतेक वाट अशी हवी जिथे बस जात नाही. म्हणजे आम्ही बेचक्यातले एका रात्रीत भाग्यवान ठरलो. गावातल्या एका माणसाने भाताची गिरणी विकून मिनीबस घेतली, आमच्या नगरावरून वाडीपर्यंतचा मार्ग मागितला आणि सुनावणीला लोकांच्या बाजूने बोलायला मला घेऊन गेला. कचेरीच्या पायऱ्यांवर तो मला विनवत होता, ‘‘सार, तुम्ही शिकलेले. दोन शब्द बोला. तिथे बस नाही, लोकांचे हाल होतात, बस्स. दोनच शब्द, सार.’’

मला दोनच शब्द येत होते.

‘‘महाराजांच्या वेळेला,’’ मी सुरुवात केली, आणि खोलीतला पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. परवाना देणारे अधिकारी चष्म्यावरून बघत होते. सभ्य माणूस, त्यांनी मला थांबवलं नाही, तिथेच घात झाला. हा बांध नसून जुना राजरस्ता आहे, इथून ओरत्तनाडुच्या छत्राकडे, त्या मोठ्या धर्मशाळेकडे, यात्रेकरूंच्या रांगा जात, असं मी सांगितलं. पुढे पालख्या आणल्या. मद्रासच्या धर्तीवर ह्याच मार्गाने ट्राम न्यायचा बेत होता, हे सांगताना मला आजोबांच्या भावाची घंटासुद्धा ऐकू आली. बिचारा मालक माझ्या शर्टाचं टोक मागून ओढत होता. मला वाटलं, भारावून गेलाय. मी आणखी वर चढलो, ‘‘आणि सार, माझ्या वडिलांच्या काळात तर इथून बस धावत असे!’’

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. ‘‘ह्याच वाटेने? बस?’’

‘‘अलबत, सार. दिमाखात.’’

‘‘कुणाची?’’

‘‘जुन्या कंपनीची.’’

‘‘म्हणजे कंपन्या सरकारी झाल्या तेव्हा हा मार्गही सरकारी बसकडे आला असणार.’’

सरकारी बसच्या बाजूने आलेले गृहस्थ कोपऱ्यात डुलक्या घेत होते, ते ताठ झाले. ‘‘आला असणारच, सार! आमचाच मार्ग. मिनीबसला देता यायचा नाही.’’

‘‘तुम्ही तिथे बस सोडता?’’

‘‘नाही, सार. पण मार्ग आमचा.’’

मी वळून मालकाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. कुलदैवताचं नाव घेत असावा. अधिकाऱ्यांनी निकाल पुढे ढकलला आणि म्हणाले की मार्गळी महिना संपून तै लागायच्या आत पुन्हा बसू, तोवर तिथे कधीच बस गेली नव्हती असं खात्रीने सांगणारं कोणी असेल तर आणा. बाहेर आल्यावर मालकाने मला एवढंच विचारलं, ‘‘सार, तुम्ही आमच्याच बाजूचे ना?’’

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, ट्राम वगळून. ती ओरडली नाही. स्टुलावर चढून तिने माळ्यावरचं मोठं पितळी पातेलं खाली काढलं. आमच्याकडे हे पातेलं दोनदाच खाली येतं, एक लग्नकार्याला आणि एक घर बदलताना. घरात लग्नाचं कोणी नव्हतं.

पातेल्यावरची धूळ पुसता पुसता तिने विचारलं, ‘‘ती बस तुम्ही पाहिली होती?’’

‘‘मी लहान होतो.’’

‘‘मामंजींनी पाहिली होती?’’

‘‘बाबांनी पाहिली असणार.’’

‘‘पूल व्हायच्या आधी त्या जागी काय होतं?’’

मी घाट म्हणणार होतो, महाराजांनी बांधलेला, पण तिच्या हातातल्या पातेल्याकडे पाहून तो घाट गिळला.

‘‘मला ठाऊक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी रोज ऐकते.’’

पुढच्या सुनावणीला मी भिंतीला टेकून उभा होतो. न बोलण्याची शपथ बायकोने माझ्याकडून देवापुढे घेववली होती. वेळ टळत चालली, सरकारी बसवाले गृहस्थ घड्याळ पाहून पाहून खूश होत होते, आणि तेवढ्यात दार उघडलं. पुढे बायको, मागे वाडीच्या चार बायका, डोक्यात अबोली आणि पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. कचेरीच्या स्वच्छ फरशीवर दारापासून टेबलापर्यंत पावलं उमटली. शिपाई ओरडणार होता. अधिकाऱ्यांनी हाताने थांबवलं आणि त्या पावलांकडे बघत राहिले.

बायको म्हणाली, ‘‘सार, ह्या सगळ्या लग्न होऊन त्या वाडीत आल्या. कशा आल्या, तेवढं विचारा.’’

सगळ्यात म्हातारी पुढे झाली. ‘‘मी बैलगाडीतून. पूल नव्हता, सामी. बैलांच्या पोटाला पाणी लागलं, गाडी मधोमध अडली, आणि नवरा पलीकडच्या काठावर उभा राहून हसत होता. गेला बिचारा, पण ते हसणं मी माफ केलेलं नाही.’’

‘‘अत्तैंना बैल तरी मिळाले!’’ तिची सून म्हणाली. ‘‘मला चालवत आणलं. लग्नाची रेशमी पट्टूसाडी गुडघ्याच्या वर धरून, बांधावरून. जोडवं चिखलात गेलं, ते अजून तिथेच आहे.’’

‘‘मला सायकलच्या कॅरियरवर,’’ तिसरी म्हणाली. ‘‘नवरा दोनदा पडला. मी एकदाच. दुसऱ्या वेळी मी आधीच उतरून घेतलं.’’

चौथी सगळ्यात तरुण. ‘‘माझ्या वेळी मोपेड होती. ती वाटेत बंद पडली. नवरी मी आणि ढकलणारीपण मीच.’’

मग कोणाचं येणं जास्त वाईट ह्यावरून चौघींत जुंपली. अधिकाऱ्यांनी तोंडावर रुमाल धरला होता, खांदे हलत होते. आवाज सावरून त्यांनी विचारलं, ‘‘बसने कुणी आलं का?’’

‘‘बस?’’ म्हातारी म्हणाली. ‘‘बस असती तर ह्या पोरीला मी चालवत आणली असती का, सामी? माझं काय हिच्याशी वैर होतं?’’

‘‘होतंच,’’ सून म्हणाली.

सरकारी बसवाले गृहस्थ हार मानायला तयार नव्हते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘‘पण ह्या सारनी तर त्या दिवशी...’’

‘‘सार, हे माझे यजमान,’’ बायको म्हणाली, आणि खोलीतल्या प्रत्येकाने मला नीट पाहून घेतलं. ‘‘माणूस खोटं बोलणारा नाही. पण ह्यांना खरं बोलायलासुद्धा राजा लागतो. घरात मीठ संपलं तर तेपण महाराजांच्या वेळेला संपत नव्हतं. ह्यांना विचारा, बस पाहिली होती का.’’

अधिकाऱ्यांनी विचारलं. शपथ मोडायची परवानगी मी डोळ्यांनी मागितली, तिने मानेने दिली.

‘‘बस नव्हती, सार,’’ मी म्हणालो.

‘‘ट्रामपण,’’ बायको म्हणाली. ट्रामची बातमी तिला मालकाने पुरवली होती.

‘‘ट्रामपण नव्हती, सार.’’

कारकुनाने ते लिहून घेतलं. माझ्या सगळ्या भाषणांपैकी सरकारने मान्य केलेलं हे एकमेव, आणि त्यावर परवाना मिळाला. जिना उतरताना चार बायका, एक गणिताची टीचर आणि गिरणी विकलेला एक माणूस एवढा गलबला करत होते की खालच्या मजल्यावरचे कारकून निवडणुकीचा निकाल लागला की काय म्हणून बाहेर आले. मालक सगळ्यांना नमस्कार करत होता. मलाही केला. मग त्याच्या लक्षात आलं, पण तोवर झाला होता.

तै लागला आणि वाट निघाली. मिनीबसच्या दोन बाजूंना केळीचे खुंट बांधले, काचेवर झेंडूच्या माळा सोडल्या, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. वाडीच्या बायकांनी आमच्या दारापासून पार बांधापर्यंत तांदळाच्या पिठाचे कोलम, म्हणजे आमच्याकडच्या रांगोळ्या, काढले. योग असा, की म्हातारीच्या नातवाचं लग्न त्याच सकाळी गावात होतं, आणि वऱ्हाड घेऊन ह्याच बसने परत यायचं ठरलं होतं. नगरातल्या मंडळींनी माझ्यासाठी सत्काराची शाल आणली, जरीकाठी, झगझगीत. मी कसला सत्कारमूर्ती, असं मी म्हणालो. मालक म्हणाला, ‘‘सार, तुम्ही बोलला नसता तर ह्या बायका बोलल्या नसत्या.’’ युक्तिवाद इतका बिनतोड होता की मी मान खाली घातली, शालीला सोयीची होईल अशी. पण शाल भाषणानंतर पांघरायची होती. तोवर ती बायकोने हातात धरली.

‘‘एक शब्द, सार,’’ मालक हात जोडून म्हणाला. ‘‘ह्या वेळी एकच. मुहूर्त गाठायचाय.’’

मी स्टुलावर चढलो. समोर सगळं नगर, सगळी वाडी. नारळ फुटला, लिंबं चिरडली, इंजिन सुरू झालं. अशा वेळी माणसाने काय बोलावं?

‘‘महाराजांच्या...’’

कंडक्टरने शिट्टी फुंकली. सगळे श्रोते एकदम बसकडे पळाले आणि बस निघाली. मला वाटलं थांबेल. हात वर धरून मी पुढचं वाक्य तयार ठेवलं. बस पुलाकडे वळली तेव्हा खिडकीत बायको दिसली. ती हसून हात हलवत होती, दुसऱ्या हातात शाल. माझ्यापुढे उरली एक शेळी, आणि ती केळीचं पान खात होती. महाराजांच्या वेळेला शेळ्यासुद्धा ऐकत असत.

मी चालत पुलापर्यंत गेलो आणि कठड्यावर बसलो. खाली कालव्याला पाणी होतं. खरं सांगायचं तर वाईट अजिबात वाटत नव्हतं. कोलमांवरून गेलेल्या चाकांच्या खुणा रस्त्यावर होत्या, पांढऱ्या पिठाच्या, थेट आमच्या दारापासून इथपर्यंत. त्या बघत बसलो. इतिहास इतका ताजा मी कधी पाहिला नव्हता.

बऱ्याच वेळाने ओरत्तनाडु रस्त्याकडून नादस्वर ऐकू आलं. आधी सूर आला, मग बस आली. आत मुंगीला जागा नाही. वाजवणारे पायरीवर, पोरं दारात लटकलेली, आणि पुढच्या खिडकीत कपाळाला मुंडावळ्यांसारखी फुलं बांधलेली नवरी. वाडीत बसने येणारी पहिली नवरी पुलावरून जाताना पाण्याकडे वाकून बघत होती. मागे म्हातारी नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडत होती, ‘‘इथेच! इथेच अडली होती माझी गाडी!’’

‘‘चढा हो लवकर!’’ बायकोचा आवाज आला. ‘‘किती वेळ राखू?’’

आमच्याकडे बसमध्ये जागा धरायची तर खिडकीतून टॉवेल टाकतात. टॉवेल पडलेल्या जागेवर कोणी बसत नाही, हा कायदा सरकारने केलेला नाही पण सगळे पाळतात. गर्दीतून घुसत मी आत गेलो तर पुरुषांच्या बाजूला खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. वऱ्हाडातले दोन जाडजूड मामा तिच्याकडे आशेने बघत उभे होते आणि बायको छत्रीच्या टोकाने त्यांना लांब ठेवत होती. जागेवर माझी जरीकाठी शाल पसरलेली होती.

शाल खांद्यावर घेतात. मी तिच्यावर बसलो.

आमचं नगर आलं. ह्या थांब्याला अजून नावच नव्हतं, आणि माझ्या मनात एक चांगलं नाव होतं. पण कंडक्टरने दारावर थाप मारून खच्चून आरोळी दिली, ‘‘टीचर वीडु! टीचर वीडु! उतरा!’’ वीडु म्हणजे घर. आजही तो थांबा टीचरच्या घराचाच आहे. जे घर भाड्याने द्यायचं होतं, त्या घराच्या नावाने तिकीट निघू लागलं. पुढे मेलवीथीच्या खोल्या एका वकिलाने घेतल्या.

‘‘महाराजांचं नाव सुचवू नका हं,’’ बायको महिलांच्या बाजूने म्हणाली.

‘‘छे,’’ मी म्हणालो. ‘‘उतरायचं ना?’’

‘‘कशाला? वाडीपर्यंत जाऊ. नवरी उतरताना बघू. पातेलं त्यांच्याकडेच दिलंय, लग्नाचा पोंगलभात शिजवायला.’’

शिट्टी झाली. माझ्या खिडकीवरून माझी केळ गेली, माझी ओसरी गेली, वाऱ्याने हलणारा माझा रिकामा झोपाळा गेला. स्वतःचं घर बसच्या खिडकीतून कसं दिसतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. फार छान दिसतं. मी शेजारच्या मामाला कोपराने ढोसून दाखवणार होतो, आणि कुणी बांधलं तेही सांगणार होतो, पण बायको बघत होती.